अक्का जेवणाचं विचारत तेव्हा

मंगळवार, मासे चाळीस, हजर तिघे: अक्का, टाकीवरचा शिवण्णा आणि मी. वेळ सकाळी साडेअकरा. अक्कांनी लॅपटॉपवरून नजर काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ऊट आयता?"

जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. म्हैसूरमध्ये हा प्रश्न दिवसातून दहादा कानावर पडतो. रिक्षावाला विचारतो, बँकेतला शिपाई विचारतो, आणि उत्तराची वाटही बघत नाही. पण त्या दिवशी शिवण्णाच्या हातातली जाळी खाली पडली. अक्का हा प्रश्न सहज म्हणून कधीच विचारत नसत. फोटो वाईट आला की मगच विचारत.

मी मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी म्हैसूरला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी नंजनगूडच्या एका कारखान्यात हिशेब बघत होतो, ते खातं बंद झालं तेव्हा येलवालच्या पुढे असलेल्या एका मत्स्यबीज केंद्रात लागलो. मालक बंगळूरला असतात. इथे सहा गोल टाक्या, पाच कामगार आणि माझ्या वह्या. पाण्याचं तापमान, माशांची लांबी, वजन, मेलेले किती, पंप किती वेगाने चालला, सगळं मी लिहितो. मासा मी खात नाही. पण तिलापियाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हजारातून एक बाजूला काढून दाखवा, ते कितव्या आठवड्यातलं आहे ते सांगेन.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. टाकीतल्या माशाला कुठे जायचं नसतं. खाणं समोर येतं, पाठीमागे कोणी लागत नाही. मग तो वाढतो भराभर, पण त्याचे मणके कच्चे राहतात आणि पाठीला बाक येतो. वाकडा मासा बाजारात कोणी घेत नाही. म्हणून आम्ही पंपाने टाकीत पाणी गोल फिरवतो. पिल्लं प्रवाहाच्या उलट पोहत राहतात आणि हाडं घट्ट होतात. व्यायामच म्हणा. मात्र वेग बेताचा हवा. आमच्याकडचा ठोकताळा असा, की मासा जेवढा लांब तेवढंच पाणी एका सेकंदात सरकावं. वेग कमी पडला तर उपयोग नाही. जास्त झाला तर कोवळा कणा त्या ताणानेच वाकतो. आणि वाकला हे डोळ्यांना दिसायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर पिल्लं विकली गेलेली असतात.

वेग ठरवायचं काम माझं होतं. मी पाण्यात लिंबू सोडायचो आणि त्याला एक फेरी मारायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचो. पहिल्या दिवशी शिवण्णाने हात जोडले होते. दृष्ट काढतोय असं वाटलं त्याला. नंतर ते लिंबू सरबतात घालायला मात्र तो कधी तयार झाला नाही.

कणा वेळेत दिसावा म्हणून मालकांनी एका दंतवैद्याचं जुनं एक्स-रे यंत्र घेतलं, आणि ते चालवायला अक्का आल्या.

अक्का सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं एक्स-रे काढून निवृत्त झालेल्या. राहायला शहरातल्या अग्रहार भागात. घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठ्यांचं. आजोबांचे आजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. ठेंगणा, आटोपशीर बांधा, केसांत रोज मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा आणि कामाला उभ्या राहिल्या की अंगावर शिशाचा जड एप्रन. बसमधून उतरून अर्धा किलोमीटर चालत यायच्या, हातात स्टीलचा डबा. त्यांची मराठी ऐकताना पहिले काही दिवस माझी तारांबळ उडायची.

"अक्का, हे मराठी आहे की कन्नड?" मी एकदा विचारलं.

"आमच्या घरातलं हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं पेपरातलं. पेपर संध्याकाळी रद्दीत जातो की नाही, लेक्कसाहेब?"

लेक्क म्हणजे हिशेब. हे नाव त्यांनीच मला दिलं आणि कामगारांनी उचललं.

माशांना लवंगेच्या तेलाच्या पाण्यात गुंगी देऊन पाच-पाच ओळीत मांडायचे, फोटो घ्यायचा आणि ताज्या पाण्यात सोडायचे. अक्का बटण दाबण्याआधी त्यांना रुग्णालयातल्यासारखंच सांगत, "उसिरु हिडिरी." श्वास धरा. मग खटका. मग, "बिडी." सोडा. मी हसलो तर म्हणत, "हसू नका. तुमच्याहून बरं ऐकतेत. एक तरी विचारतोय का, तुमच्यासारखं, किती पॉइंट किती म्हणून?"

पण फोटो पडद्यावर आला की त्यांचा चेहरा बंद. तुम्हीही रुग्णालयाच्या बाकावर बसून असा चेहरा वाचायचा प्रयत्न कधी ना कधी केला असेल. आत काहीतरी दिसलेलं असतं, आणि बाहेर येणारं माणूस भिंतीकडे बघत पुढचं नाव पुकारतं. अक्का तशाच. निरोगी कणा पडद्यावर ओवलेल्या मण्यांसारखा सरळ दिसतो, वाकलेला झोळीसारखा. दोन्हींकडे त्या सारख्याच नजरेने बघत. काय दिसतंय विचारलं तर म्हणत, "फोटो काढणारीने सांगायचं नाही. डॉक्टर सांगतो. इथे डॉक्टर तुमी."

फक्त जेवणाचं विचारत. त्याचं कारणही त्यांनीच सांगितलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला एक माणूस सकाळपासून उपाशी रांगेत उभा होता. डॉक्टरांनी त्याला जे सांगायचं ते सांगितलं आणि तो तिथेच ट्रॉलीवर कोसळला. कपाळाला चार टाके. तेव्हापासून अक्का फोटो वाईट असला की रुग्णाला आधी खाऊन यायला सांगत. पुढे पुढे सगळ्या वॉर्डला हे ठाऊक झालं. एक हवालदार तर म्हणे हात जोडून म्हणाला, "अक्का, मी जेवलेलो नाही, जेवणारही नाही, तो फोटो तुमच्याकडेच ठेवा."

आमच्या केंद्रातही तेच झालं. अक्का खोलीतून बाहेर आल्या की कामगार त्यांच्या वाटेतून बाजूला होत. शिवण्णा दहा वाजताच डबा खाऊन घ्यायचा. "आधीच झालंय अक्का, आयतु!" असं लांबूनच ओरडायचा. जणू तेवढ्याने मासे सरळ राहणार होते.

आता त्या मंगळवाराकडे येतो.

आधीचे तीन मंगळवार सगळं व्यवस्थित होतं. पाच नंबरच्या टाकीतली बारा हजार बोटुकली शनिवारी जायची होती. अकरा जण घेणार होते, सगळे हुणसूर रस्त्याच्या आजूबाजूचे, ज्यांनी यंदाच तळी खणली होती. दर मंगळवारी मी जाळीने चाळीस मासे काढायचो, मोजायचो, सरासरी काढायचो आणि त्या सरासरीवर वेग वाढवायचो. शेवटची सरासरी आली होती पाच पूर्णांक दोन सेंटिमीटर. कणे सरळ होते. वही स्वच्छ होती.

त्या सकाळी अक्का टाकीच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. मी जाळी घालत होतो ते बघत होत्या.

"लेक्कसाहेब, तुमी दर खेपेला इथूनच काढता?"

"हो. कडेला जाळी पुरते."

"कडेला कोण असतंय?"

मी पाण्याकडे बघितलं. कडेला प्रवाह सगळ्यात जोरात असतो. तिथे अंग धरून पोहणारे मोठे, दणकट मासे असतात. हे मला माहीत होतं. माहीत असून कधी सुचलं नव्हतं.

"रुग्णालयात चालता येतं ते आपल्या पायाने फोटोला येतेत," अक्का म्हणाल्या. "त्यांचेच फोटो बघून साहेब म्हणाला, गावात सगळे ठणठणीत, तर? ट्रॉलीवरचे कोण आणणार? मधले काढा."

शिवण्णाने लांब दांड्याची जाळी बांधून टाकीच्या मध्यातून चाळीस काढले. सरासरी तीन पूर्णांक आठ. म्हणजे कडेच्या मोठ्या माशांसाठी ठरवलेल्या वेगात ही पिल्लं तीन आठवडे, रात्रंदिवस, पोहत होती.

त्या चाळिसांचे फोटो झाले आणि मग अक्कांनी विचारलं, ऊट आयता?

मी "नाही" म्हणालो. खोटं होतं ते, डबा खाऊन झाला होता. पण नाही म्हटलं की थोडा वेळ मिळेल असं वाटलं. अक्कांनी स्वतःचा डबा उघडला, चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, माझ्यापुढे ठेवलं आणि मी शेवटचं शीत खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

चाळीसपैकी एकोणीस वाकडे.

मालकांना फोन करताना माझा अंगठा दोनदा चुकीच्या नावावर पडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग इंग्रजीत म्हणाले, वेग तुम्ही ठरवला, आता लोकांना तुम्हीच सांगा. ही टाकी गेली तर केंद्र चालवायचं की नाही याचाही विचार करावा लागेल. शिवण्णा शेजारीच उभा होता. त्याला इंग्रजी येत नाही, पण तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि माझा चेहरा काही अक्कांसारखा बंद होत नाही.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार आम्ही निवड केली. खालून उजेड सोडलेली काच, तिच्यावर बशीत मासे, आणि सात माणसं वाकून बसलेली. अक्का रोज आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पिल्लू ओल्या तळव्यावर घेऊन अंगठा पाठीवरून अलगद फिरवत आणि सरळ असेल तर उजव्या, वाकडं असेल तर डाव्या पिंपात सोडत. एका माशाला दोन सेकंद. बारा हजार एकशे चाळीस मासे मोजून झाले, त्यातले चार हजार तीनशे सहा डाव्या पिंपात गेले.

मधल्या वेळात मला अकरा जणांना फोन करायचे होते. दोघांना लावले, त्यांनी उचलले नाहीत. मग मी यादी वहीखाली सरकवली. निवड पूर्ण होऊ दे, नक्की आकडा कळू दे, मग करू, असं स्वतःला समजावलं. अक्कांनी यादी बाहेर ओढली.

"अकरा नंबर. दोन लावलेत."

"उचलत नाहीत, अक्का."

"ते दोघं उचलत नाहीत. बाकीचे नऊ काय ट्रॉलीवर हायेत?"

कामगार हसले. मीही हसलो आणि फोन केले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण या सगळ्या आकड्यांमध्ये लपवण्यासारखं तेवढंच होतं.

शुक्रवारी दुपारी निवडून टाकीत परत सोडलेल्या, सरळ दिसणाऱ्या माशांतून पुन्हा चाळीस घेतले. यावेळी कडेचेही आणि मधलेही. अक्कांनी फोटो काढले. चष्मा वर गेला. शिवण्णाने कानांवर हात ठेवले.

"ऊट आयता?"

सहा. बोटाला न लागणारा, डोळ्यांना न दिसणारा बाक चाळिसात सहांना होता. याचा अर्थ निवड पुरेशी नव्हती. सगळी टाकी हलक्या पाण्यात दोन आठवडे ठेवून पुन्हा तपासायला हवी होती. शनिवारी एकही मासा देता येणार नव्हता.

शनिवारी सकाळी नऊला फाटकाशी पाच गाड्या उभ्या होत्या. रिकामी पिंपं, प्राणवायूच्या पिशव्या, उन्हात घाम पुसणारे हात. पहिल्या गाडीत पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. तळ्याला प्लास्टिक घालून, पाणी भरून, पंधरा दिवस त्या या दिवसाची वाट बघत होत्या. माझ्याकडे सगळे बघत होते. माझ्या काखेत वही होती. मनात एकच हिशेब चालू होता: चाळिसात सहा, म्हणजे शंभरात पंधरा. यांच्या तळ्यात मिसळून जातील. महिन्याने कळेल. तेव्हा खाद्याचा दोष निघेल, पाण्याचा निघेल, कोणाचाही निघेल. केंद्र चालू राहील. शिवण्णाचं काम राहील. माझंही.

बाईंनी विचारलं, "मीनु चन्नागिदेया, सार?" मासे चांगले आहेत ना?

मी म्हणालो, "ठीक आहेत."

कन्नडमध्येच म्हणालो. शब्द तोंडातून गेले आणि मला ते दुसऱ्या कोणीतरी बोलल्यासारखे ऐकू आले.

"ठीक नाहीत."

अक्का माझ्यामागे उभ्या होत्या, एप्रन घातलेला. आधी मराठीत म्हणाल्या, मला. मग पुढे झाल्या आणि त्या बाईंना, त्यांच्यामागच्या सगळ्यांना कन्नडमध्ये सांगितलं. मासे ठीक नाहीत. पाठी वाकल्यात. आत्ता दिसत नाही, महिन्याने दिसेल. चूक इथली आहे, तुमची नाही. दोन आठवडे थांबा, नाहीतर दुसरीकडून घ्या. आवाज चढला नाही. मी तो चेहरा पहिल्यांदाच उघडा बघितला. त्या घाबरल्या होत्या. माझ्यापेक्षाही जास्त.

गलका झाला. बाई म्हणाल्या, "मग भरलेल्या पाण्याचं मी काय करू? मीच पोहू का त्यात?" कोणी पिंपाला लाथ मारली. कोणी मालकांना फोन लावला. मग एकेक गाडी वळली. धूळ खाली बसली तेव्हा अक्का तिथे नव्हत्या. एप्रन खुर्चीवर घडी करून ठेवलेला होता.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून उरलेले मासे अकरांपैकी सात जणांनी नेले. त्या बाई सातांत होत्या. केंद्र बंद झालं नाही. एक टाकी बंद झाली. मालक माझ्याशी अजूनही गरजेपुरतंच बोलतात, आणि ते बरोबरच आहे. आता जाळी कडेला, मध्ये आणि तळाशी, तीन ठिकाणी पडते. फोटो काढायला दंतवैद्याकडची एक बाई येते. खटका वाजला की लगेच ओरडते, "सार, दोन बेंड आहेत हं!" कामगारांना ती आवडते. मला तिच्या मोकळेपणाने बरं वाटायला हवं. पण मंगळवारी सकाळी मी अजूनही फोटोच्या आधीच डबा उघडून बसतो. आता आधी कोणी काही विचारत नाही, आकडा सरळ अंगावर येतो.

नंतर अक्कांचे राहिलेले पैसे द्यायला मी अग्रहारात गेलो. घर अरुंद, पुढे कट्टा, आत देवाजवळ समई. त्यांनी कॉफी दिली. मी पेला रिकामा केला. शेवटी म्हणालो, "अक्का, तुम्ही सांगितलंत म्हणून वाचलो. मग येणं का सोडलंत?"

त्यांनी समईची वात पुढे सारली.

"नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एक आई मुलाला घेऊन आली. फोटोत छातीत सावली. स्वल्पच. आई माझ्याकडे बघत होती, अशी बघत होती... मी म्हटलं, ठीक हाय. डॉक्टर त्या दिवशी उशिरा आले. ती थांबलीच नाही. ठीक हाय म्हणाली ना अक्का, म्हणून घरी घेऊन गेली."

"मग?"

"मग काय. परत आणलं तेव्हा उशीर झालेला." त्यांनी माझा रिकामा पेला उचलला. "तेव्हापासून तोंड बंद. खरंही नाही, खोटंही नाही. शनिवारी उघडलं. तुमी म्हणालात ना ठीक आहेत, मला माझाच आवाज ऐकू आला. आता एकदा उघडलंय. उद्या कुणाची तरी दया येईल आणि पुन्हा 'ठीक हाय' निघून जाईल. माशाचं का असेना. मला भीती वाटते, लेक्कसाहेब."

चूक माझी, खोटं माझं, आणि काम सुटलं त्यांचं. मी पाकीट पुढे केलं. दिवसाचे आठशे ठरलेले. चार मंगळवार, निवडीचे तीन दिवस आणि तो शनिवार, असे सहा हजार चारशे. त्यांनी मोजले, आठशे वेगळे काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

"त्या दिवशी मी फोटो काढला नाही. तोंड चालवलं. त्याचे पैसे नसतेत."

मी आग्रह केला नाही. दिलेली रक्कम पाच हजार सहाशे, रोख, अक्कांना. शनिवारचे आठशे मी परत आणून मालकांच्या खात्यात जमा केले.